इंदूरची एक लिव्हर ओपीडी, तीन स्टार
काकांना घेऊन गेलो होतो, नाव नाही लिहीत. डॉक्टर चांगले, रिपोर्ट नीट समजावतात, पण काउन्सेलर मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला "सहा महिने सोडली का?" आणि काका खाली बघून रुमालाची घडी घालत बसले. अहो काकू गेल्यापासून माणूस झोपत नाही, डिप्रेशन आधीचं, दारू नंतरची, ते कोणी विचारेल तर ना! लिव्हर ट्रान्सप्लांटआधी सहा महिने दारू बंद हवी ही अट १९९४च्या अवयवदान कायद्यात नाहीये बरं का. फ्रान्स-बेल्जियमच्या २०११च्या अभ्यासात गंभीर अल्कोहोलिक हेपटायटिसच्या (दारूने लिव्हरला येणारी सूज) निवडक पेशंटना न थांबवता लिव्हर दिलं, सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत होते, न मिळालेल्यांत २३. लिव्हर कमी पडतात, मान्य, ग्रीन कॉरिडॉर (अवयव न्यायला ट्रॅफिक थांबवून मोकळा केलेला रस्ता) करून काय रोज मिळणारेत का. सायकियाट्रिस्ट मात्र मागूनच घ्या, ते बेस्ट. पार्किंग बेकार.