मेथिलीन ब्लू: नव्या माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर कितपत चालतं?

हे निळं औषध स्वस्त आहे, पण मुख्य टाकीत ओतायचं नाही: फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात, अमोनिया चढतो, काचांच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं पडतं. वेगळ्या टबात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून 1 टक्का द्रावण 20 लिटरला 6 मिली. बाटलीवर टक्केवारी छापलेली नसेल तर घेऊच नका. मिठाच्या कणांसारखे ठिपके अंगावर असेपर्यंत औषध त्यांच्या आतल्या परजीवीपर्यंत पोचत नाही. त्याची पिल्लं पाण्यात पोहायला लागली की मरतात. म्हणून ठिपके गेले तरी उपचार चालूच ठेवा. तापमान हळूहळू 28 अंशांवर न्या, रोज तळ सायफन करा (नळीने घाण ओढून काढा), काढलेल्या पाण्यापुरतंच औषध पुन्हा घाला. माशांच्या अंड्यांवरच्या बुरशीवर मेथिलीन ब्लू झकास. ठिपक्यांवर मात्र मॅलाकाइट ग्रीन हे दुसरं औषधच जास्त भरवशाचं, फक्त लोच-कॅटफिश जातीच्या माशांना निम्मा डोस.