मुलांसाठी हार्मनी सिंगिंगचा ऑनलाईन कोर्स : तीन महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

माझ्या दोन मुलींना (वय ८ आणि ११) हा हार्मनीचा, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवून गायचा कोर्स लावला होता, गेल्या आठवड्यात संपला म्हणून लिहितेय. नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रारपण आहे.

मला वाटलेलं पहिल्याच दिवशी दोन आवाजांचं काहीतरी भारी गाऊन घेतील. कसलं काय, दोन आठवडे एकीने नुसता सा धरायचा आणि दुसरीने त्यावर गाणं म्हणायचं, बस. मग राऊंड, म्हणजे तेच गाणं दुसरीने एक ओळ मागून सुरू करायचं. मी वैतागलेच होते की फी कशाची घेतायत, पण खरी मेख तिथेच आहे, कारण राऊंडमध्ये चाल दोघींची एकच असते, नवीन काही पाठ करायचं नसतं, फक्त आपली ओळ सोडायची नाही. धाकटी दुसऱ्या ओळीला हमखास ताईच्या ओळीवर घसरायची, मग तिने उपाय काढला, कानात बोट घालून जोरात ओरडायचं! टीचरनी लगेच पकडलं, म्हणाल्या बोट काढ आणि ताई ऐकू येईल इतकंच हळू गा. वाचायला सोपं आहे, आमचा यातच महिना गेला.

मग सा आणि ग एकत्र. टीचरनी कीबोर्डवर ग दाखवला आणि लगेच कीबोर्ड बंद करून म्हणाल्या आता किंचित खाली आणा, कारण कीबोर्डचा ग सा शी नैसर्गिक जुळणाऱ्या ग पेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे कीबोर्डवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर, काळ्या पट्ट्या धरून). मोठीने हळूहळू उतरवला आणि एका जागी आवाज असे काही चिकटले की धाकटी हसायलाच लागली, झालं, सगळं मोडलं.

सगळ्यात उपयोगी म्हणजे प्रॅक्टिस ट्रॅक. हेडफोनच्या एका कानात आपली ओळ, दुसऱ्यात समोरच्याची, आणि जमायला लागलं की आपल्या ओळीचा कान बंद करायचा. पैसे वसूल इथेच.

आता तक्रार. लाईव्ह क्लासमध्ये सगळी पोरं म्यूटवर! इंटरनेटवर आवाज पोचायला जरा उशीर होतो आणि तेवढ्यात एकत्र गाणं फिसकटतं, हे मान्य, पण मग टीचरना बाकीच्यांची हार्मनी ऐकू तरी कशी येणार? आमच्याकडे दोघी एका खोलीत होत्या म्हणून निभावलं. शिवाय काही ट्रॅकची खालची ओळ मोठ्या माणसांच्या पट्टीत आहे, मोठी घसा दाबून गायला लागली तेव्हा मीच थांबवलं. दोन मेल केले, उत्तर एकालाच आलं, तेही "फीडबॅकबद्दल धन्यवाद".

घरात दोन मुलं असतील तर बिनधास्त घ्या, एकच असेल तर समोरासमोरचा क्लास बघा. ५ पैकी साडेतीन, त्यातला एक अख्खा स्टार हेडफोनवाल्या ट्रॅकचा.