सातशे साठ की सातशे आठ? इंटरनेट कॉलचा तीन वर्षांचा अनुभव

आईला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्यात यंत्र आहे. मी दुसऱ्या देशात राहते. एकदा बॅगेच्या कुलुपाचा नंबर तिला साध्या फोनवरून सांगितला: सातशे साठ. तिने ऐकलं सातशे आठ. बिचारी अर्धा तास चाकं फिरवत बसली आणि शेवटी रडकुंडीला आली. त्यानंतर मी तिच्याशी बोलणं पूर्णपणे इंटरनेट कॉलवर आणलं.

पैसे वाचतात म्हणून लोक हे वापरतात, आणि वाचतातच. पण मला खरा फायदा वाटतो तो आवाजाचा. आवाज किती बारीक किंवा जाड हे हर्ट्झमध्ये मोजतात, आणि जुनी टेलिफोन लाइन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पुढे पाठवते. 'स'चा सीत्कार बराचसा त्याच्या वर असतो, म्हणजे तो वाटेतच कापला जातो. कानातलं यंत्र आवाज मोठा करेल, पण आवाज मुळात पोचायला तर हवा! बऱ्याच कॉलिंग ॲपमध्ये आवाज नेटवरून पाठवण्याचं ओपस नावाचं तंत्र असतं, 2012 साली ते प्रमाण ठरलं. नेट चांगलं असेल तर माणसाला ऐकू येणारा जवळजवळ सगळा पट्टा त्यातून जातो. आता आई 'साठ' आणि 'आठ' पहिल्या फटक्यात ओळखते. व्हिडिओ चालू असला की ओठही दिसतात. तिला त्याचा इतका आधार होतो की मी खिडकीकडे पाठ करून बसले, तर "तोंड उजेडात आण गं" म्हणते.

मात्र हा फायदा दोन्ही टोकांना ॲप असेल तरच. ॲपमधून साधा लँडलाइन नंबर लावलात, तर पुन्हा तोच अरुंद आवाज.

त्रासही आहे. आमचं राउटर आतल्या खोलीत होतं आणि आई बसायची बाहेर. शब्द तुटायचे, आम्ही दोघी एकदम बोलायचो, मग दोघीही गप्प. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की असं व्हायला लागतं. राउटर तिच्या खुर्चीजवळ आणल्यावर ते बंद झालं. नवा फोन घेण्याआधी हे करून पाहा.

वीज गेली की राउटर बंद, कॉल बंद. तांब्याच्या जुन्या लाइनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळायची, ही तिची मोठी सोय होती. म्हणून राउटरला छोटा बॅटरी बॅकअप लावून घ्या. आणीबाणीच्या मदतीसाठीही मी यावर विसंबत नाही, कारण कॉल कुठून आला हे पलीकडच्याला नेहमी कळेलच असं नाही. आईच्या उशाशी बटणांचा साधा मोबाइल कायम चार्ज केलेला असतो. त्याच्या पाठीवर शेजारच्या काकूंचा नंबर मोठ्या आकड्यांत चिकटवून ठेवला आहे.