पद्मिनीच्या पुढच्या स्प्रिंगा कापून घेतल्या: अकरा महिने, ७,२०० किलोमीटर

रविवारी सकाळी गाडी जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक लोंबतं सोडलं आणि आत हात घालून स्प्रिंग फिरवून पाहिली. जागची हलली नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी अकरा महिने आणि १८,२०० रुपये गेले. ज्यांच्या डोक्यात गाडी खाली घ्यायचा विचार घोळतोय त्यांनी हे आधी वाचावं असं मनापासून वाटतं.

गाडी १९७९ ची प्रीमियर पद्मिनी, अण्णांनी नवी घेतलेली. इंजिन, स्टीअरिंगवरचा गिअर वगैरे सांगत बसत नाही, ज्यांच्या दारात ती उभी आहे त्यांना सगळं पाठ असतं. मूळच्या पुढच्या स्प्रिंगा दमल्या होत्या, म्हणून मागच्या वर्षी पुण्याच्या नाना पेठेतून नवीन जोडी आणली, ४,४०० रुपये. बसवल्यावर गाडीचं नाक वर. दुकानदार म्हणाला, महिन्याभरात बसतील. हजार किलोमीटर झाले तरी मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर जुन्यापेक्षा इंचभर जास्तच. बोनेट आभाळाकडे, रात्री हेडलाइटचा झोत झाडांवर. अण्णा एकदा फक्त म्हणाले, "ही आपली गाडी वाटत नाही गं." मग मात्र ठरवलं, एक इंच खाली घ्यायची.

ज्या गॅरेजला दिली तिथे ऐकलेलं वाक्य अजून कानात आहे: "ताई, एक वेढा म्हणजे एक इंच, काळजी करू नका." मी विश्वास ठेवला. नोव्हेंबरमध्ये दोन्ही बाजूंचा एकेक वेढा कापला, मजुरी ३,५००. गाडी बाहेर आली ती जवळजवळ दोन इंच खाली.

तरी खरं सांगते, पहिले सहा आठवडे मी खूश होते. दिसायला ती इतकी देखणी कधीच नव्हती. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या वळणांवर गाडी पूर्वी बोटीसारखी कलायची, ते कलणं निम्म्यावर आलं. स्टीअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं. त्या काळात मला विचारलेल्या प्रत्येकाला मी बिनधास्त सांगितलं, एक वेढा काढा, छान होते. ते शब्द मी आज मागे घेते. कुणी माझं ऐकून काम करून घेतलं असेल तर पुढचं नीट वाचा.

एक वेढा म्हणजे एक इंच, हा हिशेब कुठे चुकतो ते मला नंतर कळलं, भोसरीतल्या मेस्त्रींनी खडूने फरशीवर आकृती काढून दाखवलं तेव्हा. स्प्रिंग चाक धरणाऱ्या आर्मवर बसते, पण आर्मच्या टोकाला नाही, मध्येच. माझ्या गाडीत मोजलं तर साधारण निम्म्यावर. त्यामुळे स्प्रिंग १२ मिलिमीटरने आखूड झाली तर चाकापाशी गाडी २४ मिलिमीटरने उतरते. आणि वेढ्यांतलं अंतर सुटी स्प्रिंग टेबलावर ठेवून मोजायचंच नाही. गाडी चारही चाकांवर उभी असताना, वजनाखाली दबलेल्या स्प्रिंगवर मोजायचं. माझ्या गाडीत ते २४ मिलिमीटर भरलं. पूर्ण वेढा काढला की स्प्रिंग २४ ने आखूड, गाडी ४८ ने खाली. अर्धा वेढा काढला असता तर मला हवा होता तेवढाच इंच मिळाला असता. टेपने दोन मिनिटांचं काम. ते कुणी केलं नाही, आणि मीही करा म्हटलं नाही.

वेढे कमी झाले की स्प्रिंग कडकही होते. आठ कामाचे (म्हणजे दबणारे) वेढे असतील आणि एक काढला तर कडकपणा सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, अर्धा काढला तर सातेक टक्क्यांनी. वळणावरचा तो नवा आत्मविश्वास इथूनही येतो. पण कडक स्प्रिंग आणि कमी जागा हे दोन्ही एकदम आलं की जे होतं, ते फेब्रुवारीत झालं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोसायटीने स्वतःच घातलेला एक स्पीडब्रेकर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे गाडी हळूच चढावी आणि हळूच उतरावी. आमचा म्हणजे सिमेंटची उभी वरवंटी. नेहमीच्याच वेगाने, पहिल्या गिअरमध्ये, त्यावरून उतरताना खालून आवाज आला. चेंबर, म्हणजे इंजिनखालचा तेलाचा डबा, टेकला. चेंबरला पोचा, ड्रेन प्लगपाशी तेल झिरपायला लागलं. ठोकून, पॅकिंग बदलून १,५०० रुपये. त्याच वेळी पुढून पाहिलं तर गाडी डावीकडे झुकलेली. मोजलं, डावी बाजू उजवीपेक्षा १८ मिलिमीटर खाली. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने खाल्लेले, डावा जास्त. ते मागच्या चाकांना लावावे लागले.

गॅरेजमध्ये गेले. "जुन्या गाड्यांचं असंच असतं, ताई." वर रबराचं पॅकिंग टाकून समान करतो म्हणाले, त्याचे ९०० वेगळे. मी नाही म्हटलं, स्प्रिंगा काढून दाखवा म्हटलं. तासभर वाद. बिलावर फक्त 'सस्पेन्शन काम' लिहिलेलं, त्यामुळे काय ठरलं होतं हे सिद्ध करायला माझ्याकडे कागद नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी स्प्रिंगा काढल्या, आणि त्या मी घरी घेऊन आले.

दोन्हींच्या कापलेल्या टोकावर वितळलेल्या लोखंडाचे थेंब गोठलेले होते. गॅस कटरने कापलं होतं. डाव्या स्प्रिंगवर त्याच्या पुढेही, जवळजवळ दीड वेढाभर, निळसर जांभळा पट्टा होता. म्हणजे कापल्यावर दोन्ही बाजू सारख्या येईनात, म्हणून डावीला ज्योत लावून तापवून बसवली होती. हे मला सर्वांत जास्त लागलं. स्प्रिंगच्या पोलादाचा जीव त्याला पाणी देण्यात, म्हणजे तापवून विझवून कडक करण्यात असतो. ज्योतीने तेवढा भाग मऊ पडतो आणि मग रोजच्या वजनाखाली तो हळूहळू बसतच जातो. पुन्हा ताठ करायची तर पूर्ण स्प्रिंग भट्टीतून काढून पुन्हा पाणी द्यावं लागतं, त्यापेक्षा नवी स्वस्त. माझी ४,४०० ची जोडी तीन महिन्यांत भंगार झाली होती. खर्च करताना मी दहा वेळा विचार करते, त्यामुळे हा हिशेब अजून सलतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं. गाडी खाली घ्यायची म्हटलं की सगळे विचारतात, किती उतरली? विचारायला हवं ते हे की बंप रबरापर्यंत (चाक फार वर आलं की ज्यावर आपटतं त्या रबरी ठोकळ्यापर्यंत) किती जागा उरली. खड्ड्यात चाक वर येतं तेव्हा त्याला फिरायला जेवढी जागा असते तेवढंच सस्पेन्शन. ती संपली की रबर आपटतं आणि मार थेट बॉडीत जातो. फियाटने १९५३ मध्ये ११००/१०३, म्हणजे पद्मिनीचं मूळ मॉडेल, काढलं तेव्हापासून या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी. पंचेचाळीस वर्षांच्या, आतून गंजत आलेल्या पत्र्यावर रोज असे घाव घालायचे का, एवढाच प्रश्न आहे. चेंबर दिसतो, म्हणून त्याची सगळ्यांना काळजी. बंप रबर आत असतं, म्हणून कुणी पाहत नाही. माझ्या गाडीत नव्या उंच स्प्रिंगांवर ही जागा ५० मिलिमीटर होती, आडवी तीन बोटं. पूर्ण वेढा गेल्यावर २६. डावी बसल्यावर १७, म्हणजे एकच बोट. त्या तीन महिन्यांच्या शेवटी मी एका बोटावर गाडी चालवत होते.

एप्रिलमध्ये पुन्हा नवीन जोडी घेतली आणि भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले, जिथे स्प्रिंग दाबून बघायचं मशीन आहे. मेस्त्रींनी आधी दोन्ही स्प्रिंगा सारख्याच उंचीपर्यंत दाबून किती वजन घेतात ते पाहिलं. मग खडूने खूण, कटिंग डिस्कच्या ग्राइंडरने थोडं थोडं कापत, मध्ये थांबून हात लावून बघत. "हाताला सोसेना तर थांबायचं," एवढाच त्यांचा नियम. अर्धा वेढा, तोही त्याच टोकाचा जे बुडाला सपाट घासलेलं नाही. कापलेली कड फाइल मारून गोल केली, आणि बसवताना टोक स्प्रिंगच्या सीटमधल्या (ती जिथे टेकते त्या बैठकीतल्या) पायरीला टेकतंय ना, ते टॉर्च लावून मला दाखवलं. २,८०० रुपये. त्यांच्या हातात पैसे देताना जराही जड गेलं नाही.

आणि ते चाक लोंबतं सोडून स्प्रिंग फिरवून बघणं. पूर्ण वेढा कापलेली स्प्रिंग जॅकवर अक्षरशः हाताने फिरत होती. एखाद्या खड्ड्यात चाक झटकन खाली गेलं असतं तर ती सीटवरून सरकूही शकली असती. अर्ध्या वेढ्यात ती पकडलेली राहते.

काम झाल्यावर अलाइनमेंट करायलाच हवी. उंची बदलली की चाकाचा कल आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते) दोन्ही बदलतात. मी दोन्ही वेळा मिळून १,६०० दिले. पहिल्या वेळी मात्र टायर खाल्ल्यावर दिले, म्हणजे फुकट गेले.

मागच्या पाट्यांना (चपट्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांना) हात लावलेला नाही. एक पाटा काढून मागूनही खाली घ्या असं दोघा-तिघांनी सुचवलं. पाटे नुसतं वजन उचलत नाहीत, मागचा अॅक्सल जागेवर धरतात. शिवाय मागे तिघं आणि डिकीत सामान असलं की ती तशीही बसते. रिकामी गाडी मागून किंचित उंच दिसते, ते मला चालतं.

कायद्याचंही पाहिलं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात आरसी बुकातले तपशील कंपनीने मूळ दिलेल्यांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल करायला मनाई आहे. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. आमची २०२९ ला पन्नाशीची होईल. म्हणून अण्णांच्या मूळ स्प्रिंगा तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात. दोन तासांत परत बसतील.

इथपर्यंत लिहून झाल्यावर काल संध्याकाळी पुन्हा गाडीखाली गेले. एप्रिलमध्ये बंप रबरापर्यंतची जागा दोन्हीकडे ३८ होती. आता उजवीकडे ३८, डावीकडे ३७. पावसाळाभर खड्ड्यांत चालली, तरी एवढाच फरक. खंबाटकीत ती जानेवारीइतकी चपळ नाही, पण पूर्वीपेक्षा नक्की कमी कलते, आणि सोसायटीच्या त्या वरवंटीवरून तिरकं न घेता उतरते.

डावं बंप रबर मात्र चिरलंय, त्या तीन महिन्यांत आपटून आपटून. नाना पेठेत मिळालं, दिसायला अगदी तसंच. घरी आणून जुन्याशेजारी ठेवलं तर १० मिलिमीटरने उंच. ३७ चे २७ झाले असते. आज सकाळी परत करून आले.