धाकट्याची जीन टेस्ट करून घ्यावी का? कोकेन, डोपामीनचे रिसेप्टर आणि तीन वाटा

घरात एकाचं कोकेनचं प्रकरण उघडकीला आलं, की पहिले काही दिवस त्याच्याच धावपळीत जातात. मग आई हळूच धाकट्याचा विषय काढते. "ह्याच्याही रक्तात असेल का हो? काही टेस्ट असते का?"

असते. लाळेचा नमुना घेऊन जनुकं वाचून देणाऱ्या कंपन्या आहेत. मेंदूतले रिसेप्टर मोजणारं पेट स्कॅनही आहे. तिसरी वाट बिनखर्चाची, निवांत बसून चौकशी करण्याची. पहिल्या दोन्ही वाटांवर बोट दाखवलं जातं ते डोपामीनच्या रिसेप्टरांकडे. तेव्हा आधी ते काय आहेत ते पाहू, मग पैसे कुठे घालायचे ते ठरवू.

एक चेतापेशी डोपामीन नावाचं रसायन सोडते, पलीकडच्या पेशीवरचे रिसेप्टर ते टिपतात, आणि काम झालं की पहिल्या पेशीवरचा पंप उरलेलं डोपामीन परत ओढून घेतो. कोकेन हा पंप तुंबवतं. मग डोपामीन दोन पेशींमधल्या फटीत साचून राहतं. रिसेप्टरांचे प्रकार पाच असले तरी इथे महत्त्वाचे दोन, डी१ आणि डी२. डी१ चं जनुक काढून टाकलेले बहुतेक उंदीर कोकेन स्वतःहून घ्यायला शिकतच नाहीत. डी२ चं काढलेले उंदीर मात्र डोस मोठा असेल तर नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त घेतात. म्हणजे डी२ कुठेतरी लगाम घालतो. व्यसनाचा धोका मोजायची भाषा निघाली की डी२ चंच नाव पुढे येतं ते यामुळे.

आता खरा वाद. डी२ आधीच कमी असतात म्हणून माणूस अडकतो, की कोकेन घेऊन घेऊन ते कमी होतात?

अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पेट स्कॅनने दाखवलं की कोकेनचं व्यसन असलेल्यांच्या मेंदूत डी२ कमी दिसतात. कोकेन सोडून तीन-चार महिने झाले तरी कमीच. पण ह्यावरून आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी कसलंही व्यसन नसलेल्या २३ पुरुषांना शिरेतून मिथाइलफेनिडेट दिलं. हे औषध कोकेनसारखंच त्या पंपाला अडवतं. ज्यांचे डी२ कमी होते त्यांना ते सुखद वाटलं, ज्यांचे जास्त होते त्यांना नकोसं झालं. केंब्रिजमध्ये २००७ साली उंदरांवर असंच काहीसं दिसलं. दिवा लागेपर्यंत थांबायचं असताना घाईने भोकात तोंड घालणाऱ्या उतावीळ उंदरांच्या मेंदूत कोकेनचा थेंबही मिळण्याआधी डी२ कमी होते, आणि पुढे कोकेन मिळू लागल्यावर त्यांनीच ते जास्त ओढलं.

इथे थांबलं तर 'जन्मजात' बाजू जिंकली असं वाटेल. पण मायकेल नेडर यांच्या गटाचा २००६ चा माकडांवरचा अभ्यास दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं माप देतो. सुरुवातीला ज्यांचे डी२ कमी, ती माकडं कोकेन जास्त वेगाने घेत होती. पण कोकेन सुरू झाल्यावर एका आठवड्यातच डी२ १५ ते २० टक्क्यांनी घसरले. वर्षभर कोकेन घेतलेल्या पाच माकडांचं कोकेन थांबवलं, तेव्हा तिघांचे रिसेप्टर तीन महिन्यांत पूर्ववत झाले. उरलेल्या दोघांचे वर्षानंतरही नाही. एकाच प्रयोगशाळेतली माकडं, तरी ही तफावत. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या दोन मित्रांची तुलना करणाऱ्यांनी ही दोन माकडं आठवावीत.

ह्याच गटाचा त्याआधीचा, २००२ चा प्रयोग मला ह्या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. वीस नर मकाक माकडं दीड वर्ष एकेकटी ठेवली. मग चार-चारांचे कळप केले. कळप म्हटला की उतरंड आलीच, कोणी दादा झाला, कोणी दबून राहिला. पुढे जे दादा होणार होते त्यांचे डी२ एकटं असताना इतरांपेक्षा वेगळे नव्हते. कळपात वरची जागा मिळाल्यावर ते सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. दबलेल्यांचे होते तिथेच राहिले. मग कोकेनची सोय करून दिली. दबलेल्यांनी ते घेतलं, दादांना त्याची विशेष ओढ लागली नाही. पण दीर्घकाळ कोकेन मिळत राहिल्यावर दादांचा हा फायदाही पुसट झाला, तेव्हा 'आमचा मुलगा लीडर आहे, त्याला काही होणार नाही' असं म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. एवढं मात्र उघड झालं की डी२ चा आकडा रक्तगटासारखा कायमचा नसतो. चार जणांत आपल्याला काय जागा आहे, त्यावरही तो हलतो. निरोगी माणसांच्या पेट स्कॅनमध्येही सामाजिक स्थान आणि आधार देणारी माणसं यांचा डी२ शी असाच संबंध दिसला आहे.

हे लक्षात ठेवून तिन्ही वाटांकडे बघू.

जीन टेस्ट. १९९० मध्ये ब्लम आणि नोबल यांच्या गटाने दारूच्या व्यसनाशी डी२ जनुकाच्या एका खुणेचा संबंध जोडला. 'टॅक-वन-ए' ह्या नावाने ती खूण गाजली आणि 'व्यसनाचं जनुक सापडलं' अशी हवा झाली. पुढे कळलं की ती खूण डी२ च्या जनुकात नाहीच, शेजारच्या एएनकेके१ नावाच्या जनुकात आहे. नंतरच्या अभ्यासांत संबंध कधी दिसला, कधी नाही, आणि दिसला तेव्हा लहानसा. शिवाय ती खूण इतकी सर्रास आढळते की ती असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर चहावर समाधानी असतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून कोकेनच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याहून मोठा निघतो हे खरं. पण तो असंख्य जनुकांत विखुरलेला आहे. एका खुणेचा रिपोर्ट वाचून धाकट्याचं भविष्य सांगणं म्हणजे एका शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या पंगतीची परीक्षा.

पेट स्कॅन. मोजमाप म्हणून जीन टेस्टपेक्षा हे कितीतरी सरस, पण विकत घ्यायची वस्तू नव्हे. ह्यात रॅक्लोप्राइड नावाच्या रेणूला कार्बन-११ जोडतात, आणि त्याचं अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटं. ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळ असल्याशिवाय जमत नाही. कॅन्सरसाठी सांगतात ते पेट स्कॅन वेगळं, ते साखरेचा वापर दाखवतं, रिसेप्टर नाही. समजा कुठे झालंच, तरी रॅक्लोप्राइड डी२ आणि डी३ यांत भेद करत नाही. कोकेन घेणाऱ्यांत डी३ उलट वाढलेले आढळले आहेत, म्हणजे बेरीज-वजाबाकी एकाच आकड्यात मिसळते. त्यात वयानुसार डी२ कमी होतात ते वेगळंच. गटांची सरासरी काढायला हे यंत्र उत्तम, एका मुलाचा निकाल लावायला नाही.

चौकशी. हिच्यात झगमगाट काही नाही, पण आजच्या घडीला सर्वांत जास्त माहिती हीच देते. जवळच्या नात्यात कुणाला कसलं व्यसन होतं? मुलगा लहानपणापासून उतावीळ आहे का? लक्ष न लागण्याचा त्रास, नैराश्य, चिंता, ह्यांपैकी उपचार न झालेलं काही आहे का? तंबाखू, दारू कुठल्या वयात सुरू झाली? घरचा इतिहास हीसुद्धा एक जनुकीय चाचणीच आहे. तिच्यात सगळी जनुकं एकदम मोजली जातात, वर त्या घराची हवाही.

धाकट्यासाठी नेमका लागू पडणारा अभ्यास केंब्रिजच्या कॅरेन एर्श यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. एक व्यसनी आणि एक निर्व्यसनी, अशा भावंडांच्या ५० जोड्या. आलेली उबळ आवरण्याच्या चाचणीत दोघंही कच्चे निघाले, आणि मेंदूच्या जोडणीतले दोषही दोघांत सारखे होते. तरी एक अडकला, दुसरा नाही. दारूग्रस्त घरांतल्या पण स्वतः न पिणाऱ्या माणसांत तर डी२ सरासरीपेक्षा जास्त आढळले होते, जणू ढाल असावी तसे.

तेव्हा माझं मत विचाराल तर धाकट्याच्या टेस्टचे पैसे वाचवा. उतावीळपणा किंवा उदासी जाणवत असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञाच्या दोन-तीन भेटींवर घाला. आणि 'तूही त्याच वळणावर जाणार' हे वाक्य घरात बंद करा. कळपातली खालची जागा माकडांना काय करते ते वर आलंच आहे.

थोरल्याबाबत निवड अधिक तातडीची आहे. रिसेप्टरांवर नेम धरून बरीच औषधं आजमावली गेली: डी२ ला चेतवणारं ब्रोमोक्रिप्टीन, डी२ अडवणारी मनोविकारांवरची औषधं, डी३ साठी बुस्पिरोन. कोकेन सोडवण्यात एकही पक्कं ठरलं नाही, आणि अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने कोकेनच्या व्यसनासाठी अजून एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. त्यामुळे कुणी 'डोपामीन सुधारणारा कोर्स' विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा. पुरावा जास्त आहे तो बक्षिसाच्या पद्धतीला: लघवीच्या तपासणीत कोकेन सापडलं नाही की लगेच ठरलेलं छोटं बक्षीस. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डायना मार्टिनेझ यांच्या गटाने २०११ मध्ये पाहिलं, की ह्या पद्धतीने ज्यांना गुण आला त्यांच्यात डी२ आणि डोपामीनचा स्राव, दोन्ही जास्त होते. ज्यांना पहिल्या फेरीत गुण येत नाही त्यांना 'इच्छाशक्ती नाही' म्हणून हाकलणाऱ्या केंद्रापेक्षा, अधिक काळ धरून ठेवणारं केंद्र निवडावं ते ह्यासाठी. प्रवेश घेताना दोनच गोष्टी विचारा: लघवीची तपासणी किती वेळा होते, आणि घरी गेल्यावर निदान चार महिने पाठपुरावा कोण करतं.

पोलिसांच्या भीतीने पाय अडखळत असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ वकिलाला दाखवा. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेल्या व्यसनीने मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. कुठे जायचं हे कळत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.