दादरचा रविवारचा गणितवर्ग : न सुटलेल्या प्रश्नांसोबत आठ रविवार

मी डोंबिवलीच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दादर पश्चिमेला एका शाळेच्या वर्गखोलीत दोन प्राध्यापक मिळून दर रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत एक वर्ग चालवतात, आणि त्याचा आठ रविवारांचा अभ्यासक्रम मी या पावसाळ्यात पूर्ण केला. अंकगणित, कॉम्बिनेटोरिक्स (मोजणी आणि मांडणीचे गणित) आणि ग्रुप थिअरी (ज्यांतले घटक ठरलेल्या नियमांनी एकत्र करता येतात अशा समूहांचे गणित) या तीन शाखांतले आजही न सुटलेले प्रश्न हाच या वर्गाचा विषय आहे. शुल्क ३,२०० रुपये असून त्यात चौकटीची एक जाड वही मिळते. वर्गात बारावीची मुले होती, पदवीची मुले होती, एक निवृत्त बँक अधिकारी होते आणि माझ्यासारख्या तीन शिक्षिका होत्या.

पहिल्याच रविवारी सरांनी फळ्यावर १, १२१, १२३२१ असे लिहिले आणि या संख्यांना डेम्लो संख्या का म्हणतात, असे विचारले. कुणालाच सांगता आले नाही. देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांना या संख्यांचा विचार जी.आय.पी. रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) ज्या स्थानकावर सुचला, त्याचे तेव्हाचे नाव डेम्लो, म्हणजे आजचे डोंबिवली. ज्या फलाटावरून मी रोज ये-जा करते, त्याचे नाव गणितात गेले आहे हे मला या वयात आणि तेही दादरला जाऊन कळावे, याचे वाईट वाटले आणि आनंदही झाला. तिथून सर लगेच मूळ प्रश्नाकडे वळले. डेम्लो संख्या म्हणजे ११, १११ अशा नुसत्या एककांच्या संख्यांचे वर्ग. मग या एककांच्या संख्यांपैकी मूळ संख्या किती? ११ मूळ आहे, त्यानंतर १९ एककांची, २३ एककांची, ३१७ एककांची आणि १,०३१ एककांची. अशा मूळ संख्या अगणित आहेत की कुठेतरी संपतात, हे आजही सिद्ध झालेले नाही.

या वर्गाचे खरे सामर्थ्य दिसते ते तिसऱ्या ते पाचव्या रविवारी, आणि केवळ त्या नऊ तासांसाठीसुद्धा मी शुल्क भरले असते. तिसऱ्या रविवारी मॅडमनी प्रत्येकाला आपल्या मोबाइल क्रमांकाचे शेवटचे पाच अंक वहीत लिहायला लावले आणि त्यातून असे तीन अंक निवडायला सांगितले की ज्यांच्या बेरजेला ३ ने निःशेष भाग जाईल. सगळ्यांना जमले. पुढच्या बाकावरच्या बारावीतल्या मुलीने हट्टाने मनचे अंक घेऊन पाहिले, पण न जमणारे पाच अंक तिला सापडेनात. मग तिनेच फळ्यापाशी जाऊन कारण सांगितले : ३ ने भागल्यावर बाकी ०, १ किंवा २ उरते, तिन्ही प्रकारच्या बाक्या हजर असतील तर प्रत्येकीतला एकेक अंक घ्यावा, बाक्यांची बेरीज ३ होते, एखादी बाकी गैरहजर असेल तर पाच अंक दोनच कप्प्यांत बसणार, म्हणजे एका कप्प्यात किमान तीन, आणि सारख्या बाकीच्या तिघांची बेरीज ३ च्या पटीत येतेच. चार अंक मात्र पुरत नाहीत, कारण ०, ०, १, १ घेतले तर हे साधत नाही. एर्डिश, गिन्झबर्ग आणि झिव यांनी १९६१ साली हेच कोणत्याही धन पूर्णांक क साठी सिद्ध केले : २क − १ पूर्णांक घेतले की त्यांत असे क सापडतात, ज्यांच्या बेरजेला क ने निःशेष भाग जातो.

पुढचे दोन रविवार याच धाग्यावर गेले. अंकांच्या जागी चौकटीच्या कागदावरचे बिंदू आले. कागदावर रेघा जिथे छेदतात तिथले कोणतेही नऊ बिंदू घेतले, तर त्यांत असे तीन असतातच, ज्यांच्या निर्देशकांची सरासरी पुन्हा रेघांच्या छेदावरच येते. मी नववीला मध्यगांचा संपातबिंदू शिकवते, तोच हा. ते तीन बिंदू त्रिकोण करत असले तर त्याचा संपातबिंदू नेमका छेदावर पडतो. आठ बिंदू पुरत नाहीत, हे मी परतीच्या लोकलमध्ये कळवा ते डोंबिवली या टप्प्यात पडताळले : एका चौकटीचे चार कोपरे घ्यायचे आणि प्रत्येकाच्या जोडीला तीन-तीन घरे सरकवलेला एकेक बिंदू. तिनांऐवजी क बिंदूंची सरासरी छेदावर हवी असेल, तर प्रतलात ४क − ३ बिंदू नेहमी पुरतात, ही केम्निट्झ यांची १९८३ ची अटकळ होती. ती २००३ साली क्रिश्चन रायहर यांनी सिद्ध केली, आणि तेव्हा ते विद्यार्थीच होते. हे ऐकताना मागच्या बाकांवरची मुले सरसावून बसली. त्यानंतर सरांनी तिसरी मिती आणली. अवकाशात क = ३ साठी १९ बिंदू लागतात, पण कोणत्याही क साठी चालेल असे सूत्र आजही सिद्ध झालेले नाही. म्हणजे अंकांसाठी साठ वर्षांपूर्वीचे प्रमेय, कागदावर अलीकडचे, आणि खोलीच्या हवेत अजून प्रश्नच. ज्ञान कुठवर पोचले आहे आणि कुठे थांबले आहे, हे इतक्या कमी साधनांत दाखवणारा तास मी आजवर पाहिलेला नाही.

हे प्रश्न करमणुकीचे नाहीत, हेही मॅडमनी दाखवले. ६ या संख्येचे २ × ३ असे अवयव पडतात. पण उणे ५ चे वर्गमूळ सामावून घेणाऱ्या संख्याव्यवस्थेत त्याच ६ चे आणखी एका, पूर्णपणे वेगळ्या रीतीने अवयव पडतात. अशा व्यवस्थेत ज्या संख्येचे आणखी अवयव पडत नाहीत, तिच्या पोटात जास्तीत जास्त किती मूळ घटक लपलेले असू शकतात, हा प्रश्न हॅरोल्ड डॅव्हनपोर्ट यांनी १९६६ मध्ये मांडला, आणि त्याचे उत्तर एका सांत, म्हणजे मर्यादित घटकांच्या, ग्रुपमधल्या शून्य बेरजेच्या प्रश्नावर येऊन ठेपते : किती घटक घेतले की त्यांतल्या काहींची बेरीज शून्य होतेच?. अभ्यासक्रमातल्या तिन्ही शाखा एकच कशा, ते मला त्या दुपारी समजले.

कॉम्बिनेटोरिक्सचा रविवार चांगला होता, पण ओळखीचा होता. सहा पाहुण्यांत परस्परांच्या ओळखीचे तिघे किंवा परस्परांना अनोळखी तिघे असतातच. तिघांऐवजी चौघे हवे असतील तर १८ पाहुणे लागतात. पाच हवे असतील तर उत्तर ४३ ते ४६ च्या दरम्यान आहे, एवढेच ठाऊक आहे.

ग्रुप थिअरीवर मात्र अन्याय झाला, आणि ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. बर्नसाइड यांचा १९०२ चा प्रश्न शेवटच्या रविवारी शेवटच्या चाळीस मिनिटांत उरकण्यात आला. दोन घटकांपासून तयार झालेला आणि प्रत्येक घटकाचा पाचवा घात एकक (कशाशीही जोडले तरी काही न बदलणारा घटक) असणारा सर्वांत मोठा ग्रुप सांत आहे की अनंत, हे आज कुणालाही सांगता येत नाही. तो सांत असेल तर त्यात बरोबर ५ चा ३४ वा घात इतके घटक असतील, एवढे मात्र नक्की आहे. इतका विलक्षण प्रश्न, आणि ग्रुप म्हणजे काय हेच नुकते समजलेल्या मुलांपुढे तो घाईने ठेवला गेला. घात ३ असेल तर हा ग्रुप २७ घटकांचा होतो. तो मुलांच्या हातून वहीत बांधून घेतला असता, तर ५ पाशी आलेली अडचण त्यांना स्वतःच्या हाताने जाणवली असती. डेम्लो संख्यांवर गेलेला एक पूर्ण रविवार अर्धा करून ही वेळ सहज काढता आली असती, हे मी डोंबिवलीकर असूनही म्हणते.

बाकीच्या उणिवा व्यवस्थेच्या आहेत. टिपणे फक्त इंग्रजीत आणि फिक्या झेरॉक्सवर मिळतात. तास मराठीत इतका सुरेख होत असताना मराठी माध्यमाच्या मुलांना घरी जाऊन पुन्हा शब्दकोश उघडावा लागतो, हे मला खटकले. मुसळधार पावसाच्या एका रविवारी मध्य रेल्वे कोलमडली आणि आम्ही पाच जण पोहोचू शकलो नाही, तर तो तास पुन्हा घेतला गेला नाही. वर्गखोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही.

माहितीपत्रकात 'संशोधनाचा अनुभव' असे शब्द आहेत. आठ रविवारांत संशोधन होत नाही. पण मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राकडे ज्याची धुरा आहे त्या ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांना, प्रत्येक प्रश्नाला कुठेतरी छापील उत्तर असतेच याची सवय झालेली असते; उत्तर नसलेल्या प्रश्नाशी तीन तास शांतपणे बसणे त्यांनी इथे प्रथमच केले, आणि दोघी-तिघी तर एक वाजून गेल्यावरही फळ्यापाशी उभ्या होत्या. दहावीपर्यंतचे गणित पक्के असलेल्या कुणालाही हा वर्ग झेपेल. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. मी माझ्या वर्गातल्या चार मुलींची नावे नोंदवली आहेत, आणि ग्रुप थिअरीला दोन पूर्ण रविवार द्यावेत, असे सरांना लेखी कळवले आहे.