पिकअपला मोठे टायर की मूळ मापाचेच?

मामेभावाच्या पिकअपचे टायर झिजलेत. पुन्हा 215/75 आर 15 (रुंदी 215 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के, रिम 15 इंच) टाकावेत की त्याच रिमचे 235/75, या पेचात तो आहे.

मोठ्या टायरचा व्यास 30 मिमी जास्त, पण गाडी उचलली जाते 15 मिमीच. चिखलाच्या चाकोरीत तेवढंही कामाला येतं. ओढीत मात्र सरळ तोटा. भरली गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर दम तोडते, पहिला टाकावा लागतो, क्लच तापतो. स्पीडोमीटरच्या काट्यावर 60 असताना खरा वेग साधारण साडेबासष्ट. खर्च पाच टायरचा धरा, स्टेपनीही त्याच मापाची हवी. माल भरून स्टिअरिंग पूर्ण वळवा. मडगार्डच्या आत काळा घासपट्टा उमटला तर ते माप नकोच.

रोज भाजी घेऊन बाजार समिती गाठणाऱ्याने मूळ मापच ठेवावं. हलक्या ओझ्याने शेतरस्ते तुडवणाऱ्याला मोठे चालतील.